साडेतीन वर्षांच्या लेकराला अक्षरं खेळात कशी शिकवावीत?

वही काढली की रडायलंय म्हणता, मग काही दिवस वही-पेन्सिल ठेवूनच द्या की, या वयात बोटांत तेवढा जोरच नसतो. आधी माती घ्या. पोळ्याला काळ्या मातीचे बैल करतात ना, तीच माती भिजवून लेकरालाच मळू द्या, कपडे घाण होणारच, आणि लांब वळ्या करून पाटावर अक्षर बनवा. सुरुवात अ पासून नको, त्याला वळणं लई आहेत. ग म भ न घ्या, चारीला उजवीकडं उभी दांडी सारखीच, ती तशीच ठेवून डावीकडचा भाग तेवढा बदलायचा. ग चा न झाला की लेकरू खूश होऊन पुन्हा मोडतंय, मोडू द्या. वाळल्यावर गेरू फासा.

अंगणात खडूनं मोठी अक्षरं काढून 'म वर उडी मार' हा खेळ तर पैशाशिवायचा. अक्षरावर चिंचोके मांडायलाही मजा येते, पण समोर बसून, बारकी लेकरं नाकात घालतात, तीनच्या खालच्यांना तर देऊच नका. ताटात ज्वारीचं पीठ पसरून बोटानं काढलं तरी चालतं.

अन् ज जहाजाचा कशाला, लातूर-बीडच्या लेकरानं जहाज कुठं बघितलंय? क कापसाचा, त तुरीचा, स सीताफळाचा म्हणा, वस्तू हातात द्या. लिहायची घाई शाळावाले करायलेत, पण 2020 च्या शैक्षणिक धोरणातही 3 ते 8 वर्षांचा टप्पा खेळातून शिकायचाच सांगितलाय, त्यांना तसं बिनधास्त सांगा.