वखर दिल्यावर वावरात वर येणारे धारदार दगड आदिमानवाची हत्यारे असू शकतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: यवतमाळ जिल्ह्यात, वर्धा नदीपासून जवळच वावर आहे. धुऱ्याकडची जमीन बरड. वखर दिल्यावर पहिला पाऊस पडला की लाल, मधाळ, पांढुरके धारदार तुकडे उघडे पडतात. गावात कोणी त्यांना गारगोट्या म्हणतं, कोणी चकमक. गावाबाहेर दगडांची गोल वर्तुळंही आहेत. ही अश्मयुगातली हत्यारे असू शकतात का, आणि ओळखायची कशी?

हो, असू शकतात. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यातला, नागपुरात पुरातत्त्व शिकलो, आणि वर्धा-पैनगंगेकडच्या बरडांवर, नाल्यांत हेच दगड बघत फिरत आलो आहे. वर्धा, वैनगंगा, पैनगंगा, तिन्ही नद्यांच्या खोऱ्यांत अश्मयुगीन हत्यारे मिळालेली आहेत. चंद्रपूर शहराजवळची पापामिया टेकडी तर अभ्यासकांत त्यासाठीच ओळखली जाते. तुमच्या धुऱ्यावर तसं काही निघालं तर मला नवल वाटणार नाही. मात्र धार आहे म्हणून हत्यार आहे, असं होत नाही.

कारण दगडाच्या जातीतच आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन आपला काळा पाषाण झाला. त्याच्या पोकळ्यांत नंतर गारेचे दगड तयार झाले: अगेट, जास्पर, कार्नेलियन वगैरे. काळा पाषाण झिजून माती होतो, हे कठीण गोटे तसेच मागे राहतात. म्हणून बरडावर ते पसरलेले दिसतात. आणि हा दगड काचेसारखा फुटतो. ट्रॅक्टरखाली, जेसीबीच्या दातांखाली, एकमेकांवर आपटूनसुद्धा त्याला धार येते.

आता एक तुकडा हातात घ्या. शक्यतो सकाळच्या तिरप्या उन्हात, आणि कोरडा. ओला केला की रंग खुलतो, पण पृष्ठभागावरच्या बारीक खुणा चकाकीत हरवतात. माणसाने ठोकून काढलेल्या छिलक्याची एक बाजू गुळगुळीत असते. मोठ्या दगडापासून तो सुटला ती ही बाजू. तिच्या एका टोकाशी अंगठ्याला जाणवेल असा हलका फुगवटा असतो, आणि तिथून खाली वलयं पसरत जातात, शिंपल्याच्या पाठीवर असतात तशी. फुगवट्याच्या अगदी वर लहानशी सपाट जागा दिसते. ठोका बसला तो तिथे. मग तुकडा उलटा करा. पाठीवर आधी काढलेल्या छिलक्यांचे खळगे दिसले, तेही बहुतेक एकाच दिशेने आलेले, तर ते कोणीतरी ठरवून ओळीने ठोकलं आहे. निसर्गात फुगवटा एखाद्या वेळी मिळून जातो. फुगवटा, ठोक्याची जागा आणि पाठीवरचे खळगे असं तिन्ही एकत्र, आणि तेही एकाच जागच्या अनेक तुकड्यांवर, सहसा मिळत नाही.

याहून बोलका असतो गाभा, म्हणजे ज्यातून पाती काढली तो उरलेला गोटा. सूक्ष्मास्त्रांचा, म्हणजे अगदी बारीक पात्यांच्या हत्यारांचा, गाभा अंगठ्याएवढासुद्धा असतो, आणि त्याच्या अंगावर वरून खाली अरुंद, समांतर पन्हळी असतात. प्रत्येक पन्हळीतून एक पातं निघालेलं असतं. ही नखाएवढी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने ओळीने बसवत. एक तुटलं की तेवढंच बदलायचं. असा गाभा मिळाला तर माझी शंका जवळपास संपते.

बहुतेक लोक सुबक, टोकदार, तळहातात भरणारी हातकुऱ्हाड शोधतात. मी म्हणेन, कचरा शोधा. एक हातकुऱ्हाड घडवताना लहानमोठ्या छिलक्यांचा ढीग पडतो. हत्यार माणसाबरोबर जातं, शिकारीत हरवतं, कुठेतरी टाकलं जातं. कचरा मात्र तो बसला होता तिथेच राहतो. नशीब असेल तर ते छिलके पुन्हा एकमेकांना जोडता येतात, आणि कोणता ठोका आधी, कोणता नंतर, हे कळतं. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाच्या डोक्यात काय चाललं होतं ते इतक्या जवळून दुसऱ्या कशातूनही दिसत नाही. म्हणून चांगले दोन दगड उचलून बाकीचे धुऱ्यावर फेकलेले पाहिले की जीव तुटतो.

जुनं आणि नवं फुटणंही वेगळं दिसतं. जुन्या पृष्ठभागावर मंद, पांढुरकी झिलई चढलेली असते. वखराने आत्ता उडालेली कपची ताजी, चकचकीत. एकाच तुकड्यावर दोन्ही असू शकतात.

माणसाने फोडलेला प्रत्येक दगड अश्मयुगातलाच, असंही नाही. आगपेटी नव्हती तेव्हा खेड्यापाड्यांत चकमक आणि पोलादाच्या ठिणगीने सावरीचा कापूस पेटवत. त्या चकमकीच्याही कपच्या उडत. नागपूरजवळच्या माहुरझरीला प्राचीन काळी अगेट-कार्नेलियनचे मणी घडत होते, आणि तिथलाही कचरा वरवर असाच दिसतो. तुम्ही गावाबाहेरच्या दगडांच्या गोल वर्तुळांचाही उल्लेख केला आहे. ती शिलावर्तुळं फार अलीकडची, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. ती उभारणारे लोक लोखंड वापरत. त्यांच्याच काळातल्या, नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी मिळाली आहे. वर्तुळांतली हाडं, भांडी आणि तुमचे छिलके एकाच पिशवीत टाकू नका.

वय किती, हे नुसत्या दगडावरून सांगता येत नाही. साधारण घडणीवरून अंदाज बांधतात: मोठ्या हातकुऱ्हाडी सर्वात जुन्या, मग छिलक्यांच्या तासण्या, मग पाती, शेवटी सूक्ष्मास्त्रे. तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमच्या हातकुऱ्हाडी सुमारे १५ लाख वर्षांच्या ठरल्या, त्या ज्या थरात होत्या त्या थरामुळे. चाळीसगावजवळच्या पाटण्याला शहामृगाच्या अंड्याचं कोरीव काम केलेलं कवच मिळालं, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचं. तेही थरातून आलं म्हणूनच त्याचं मोल. काळ्या जमिनीत ही सोय नसते. उन्हाळ्यात ती हातभर भेगाळते, वरचं खाली जातं, पावसाळ्यात फुगली की खालचं वर येतं. त्यामुळे ‘दोन फूट खोल मिळालं म्हणजे जुनं’ हा हिशेब काळ्या वावरात चालत नाही. खरा थर बघायचा तर नाल्याची उभी कड बघा, नाहीतर नव्या शेततळ्याची भिंत, पाणी भरण्याआधी. खालच्या गोट्या-रेतीच्या थरात छिलका रुतलेला दिसला तर तो ओढून काढू नका. वाळूच्या कणांवर शेवटचा उजेड कधी पडला यावरून काळ मोजायची पद्धत आहे, पण तिचे नमुने उजेड न लागू देता, जाणत्या माणसानेच घ्यायचे असतात.

तेव्हा आत्ता करायचं ते एवढंच. दगड जागेवरच ठेवून फोटो घ्या, शेजारी नाणं किंवा मोजपट्टी ठेवा, मोबाइलवर ठिकाण नोंदवा, आणि तुकडे जास्त दाट कुठे आहेत ते धुऱ्यापासून पावलं मोजून लिहा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची प्रागितिहास शाखा नागपुरातच आहे, विद्यापीठाचा पुरातत्त्व विभागही आहे. अर्ज साध्या मराठीत द्या.

‘सरकार वावर घेईल’ ही भीती गावोगाव ऐकतो, आणि तिच्यापायी किती जागा न सांगताच गेल्या असतील कोण जाणे. नुसते छिलके सापडले म्हणून जमीन जात नाही. एखादं ठिकाण राष्ट्रीय महत्त्वाचं जाहीर करायचं असेल तरी १९५८ च्या कायद्याप्रमाणे आधी दोन महिन्यांची नोटीस निघते, हरकत घेता येते. खरा धोका मुरमाचा आहे. रस्त्याच्या कामाला मुरूम लागतो, तो बरडातून निघतो, आणि आपल्याकडे ही हत्यारे बरडावरच जास्त दिसतात. टिप्पर लागले की काही दिवसांत टेकाड सपाट.

तुमच्या धुऱ्याच्या आसपास अशी खोदाई सुरू असेल तर पाऊस संपायची वाट बघू नका. तिथले फोटो आधी काढा आणि इथेच उत्तराखाली टाका. गुळगुळीत बाजू आणि पाठ, दोन्ही वेगवेगळ्या दिसू द्या.