लोडरवरचा मुलगा आणि नीटचा दुसरा फेरा

प्रश्न : आमचा संगमनेर तालुक्यात दूधधंदा आहे. मुलगा बारावी सायन्स झाला, 61 टक्के. नीटला 720 पैकी 214. गणितही घेतलं होतं, त्यात बरा आहे. रिपीटसाठी त्याला लातूरला ठेवायचं मी ठरवलंय, पण तो तयार नाही. मागच्या वर्षी गोठ्यासाठी 27 एचपीचा छोटा ट्रॅक्टर घेतला आणि त्याला पुढून लोडर बसवला. तेव्हापासून पोरगा त्यावरून उतरत नाही. शेण ओढणं, मुरघास काढणं, डेअरीत कॅन पोचवणं, सगळं तोच करतो. हात चांगला आहे, परवा गोठ्यावरचा दिवा बदलायला मला बकेटमध्ये उभं करून अलगद वर नेलं. मागचं वजनसुद्धा त्याने काढून ठेवलंय, ट्रॉली जोडायला अडचण होते म्हणून. पण दोन दांडे हलवायला काय अक्कल लागते? त्याच्या चुलत बहिणीला एमबीबीएस मिळालं आणि हा ड्रायव्हर होणार का? वय साडेसतरा. त्याचं हे वेड कसं सोडवावं?

उत्तर :

नमस्कार. तुमचं पत्र गुणांचं आहे, पण माझी नजर त्या दिव्यावर अडकली. 214 गुणांवर बोलूच, ते कुठे पळून जात नाहीत. आधी हे, कारण यात माणूस जातो.

लोडरची बकेट माणूस उचलायला नसते. तुमच्या ट्रॅक्टरबरोबर आलेलं माहितीपुस्तक काढा, त्यात हे लिहिलेलं सापडेल. कारण तुमच्या मुलाला विचारा, त्याला माहीत असायला हवं. बूम, म्हणजे बकेट उचलणारे लोखंडी हात, खाली घ्यायची तर दांडा पुढे ढकलतात. त्याच दिशेने तो आणखी थोडा पुढे गेला की ‘फ्लोट’ नावाच्या खाचेत जाऊन बसतो. तिथे बूमच्या सिलिंडरची दोन्ही तोंडं टाकीकडे मोकळी होतात, तेल काहीच अडवत नाही आणि बूम स्वतःच्या वजनाने खाली येते. हात सोडला तरी दांडा तिथेच अडकून राहतो. म्हणजे सात-आठ फुटांवर उभे असलेले तुम्ही आणि खालचा कोबा यांच्यामध्ये मुलाच्या मनगटाची बोटभर हालचाल होती. तेलाची एखादी नळी फुटली असती, तर तेवढीही नाही. पुढच्या वेळी शिडी लावा.

मागचं वजन आजच बसवायला सांगा. बकेट भरली की सगळा भार पुढच्या आसावर जातो आणि मागची चाकं हलकी होतात. बहुतेक ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांवरच असतात. उतारावर भरलेली बकेट वर धरून, मागे वजन नसताना ब्रेक दाबला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. ट्रॉली जोडायच्या वेळी वजन काढायचं, काम झालं की परत लावायचं. कंटाळा येतो, मान्य आहे.

आता तुमच्याविषयी. ज्या मुलाच्या हाताला काही अक्कल लागत नाही असं तुम्ही लिहिता, त्याच हातावर तुम्ही स्वतःचा जीव ठेवलात. तोही बेफिकिरीने नाही, तर ‘अलगद वर नेलं’ असं कौतुकाने लिहून. अख्ख्या पत्रात मुलाविषयी चांगलं वाक्य तेवढं एकच आहे आणि पुढच्याच ओळीत त्यावर पाणी टाकलंय. पुतणीचा उल्लेख मात्र ठसठशीत आहे. तिला एमबीबीएस मिळालं याचा आनंद माना, तिच्या घरी पेढे खा. पण तिचे गुण तुमच्या मुलाच्या ताटात वाढू नका. तो लातूरला का जात नाही हे तुम्ही त्याला विचारलंत असं पत्रात कुठे दिसत नाही. ‘ठरवलंय’ एवढंच दिसतं.

तुमचा सगळ्यात मोठा गैरसमज दांड्यांचा आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. एका जॉयस्टिकचा लोडर असेल तर मागे ओढलं की बूम वर, पुढे ढकललं की खाली, डावीकडे नेलं की बकेट आत वळते, उजवीकडे नेलं की उपडी होते. काही लोडरवर हीच कामं दोन वेगळ्या दांड्यांवर असतात. एवढं अर्ध्या तासात कोणालाही कळतं, आणि तुम्ही शेजारी उभं राहून नेमकं तेवढंच पाहिलंय. पुढचं दिसत नाही. साध्या लोडरची बूम वर जाते तसं बकेटचं तोंड चालकाकडे कलत जातं. म्हणून बूम उचलता उचलता त्याच हाताने बकेट हळूहळू सरळ करावी लागते, नाहीतर वरचा गठ्ठा थेट बॉनेटवर, कधी मांडीवर. शेण ओढताना फ्लोट लावला की बकेट कोब्याच्या चढउताराबरोबर चालते, पण कोन चुकला तर उपयोग नाही. नाक खाली असेल तर कोब्याच्या सांध्यात अडकून धार वाकते, नाक वर असेल तर बकेट शेणावरून घसरत जाते. मुरघासाच्या ढिगात घुसताना नुसता जोर लावला तर चाकं जागेवर फिरतात. तिथे पुढे जाणं, बकेट वळवणं आणि बूम उचलणं तिन्ही एकत्र जमावं लागतं. हे सगळं डावा हात स्टिअरिंगवर आणि पाय क्लचवर असताना, इंजिनचा वेग पडू न देता, कारण वेग पडला की पंप तेल कमी देतो आणि बूम सुस्तावते. शिवाय दोन्ही बाजूंना बांधलेल्या गाई, आणि त्यातली एक नेहमीच शेपूट मध्ये घालणारी. एका वर्षात एकाही गाईला खरचटलं नसेल तर मुलगा चांगला शिकलाय. त्याला कोणी शिकवलं नाही, हेही लक्षात घ्या.

म्हणून त्याला लगेच लोडरच्या हवाली करा, असं मात्र मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या मशीनवर पगारी ऑपरेटर म्हणून राबणं कष्टाचं आहे. धूळ, कंबरेला बसणारे गचके, पावसाळ्यात थांबणारी कामं. घरच्या गोठ्यात, स्वतःच्या ट्रॅक्टरवर, हवं तेव्हा चालवण्यातली मजा तिथे नसते. आणि एक शंका मला आहेच. त्याला लोडर आवडतो, की नीटपासून लपायला लोडर ही जागा सापडली आहे? दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं.

ओळखायचा एक उपाय सुचवतो. बूम जमिनीपासून वीतभर उचलून इंजिन बंद करायचं, अर्धा तास तशीच ठेवायची. खाली किंवा जवळ कोणी जायचं नाही. बहुतेक लोडरची बूम थोडीफार खाली येतेच. का येते, एवढंच त्याला विचारा. ‘येते, त्यात काय’ म्हणून त्याने खांदे उडवले, तर त्याला चालवण्याची हौस आहे, तीही वाईट नाही. पण सिलिंडरच्या आतल्या सीलमधून तेल पलीकडे जातं की व्हॉल्व्हच्या स्पूलमधून, म्हणजे दांड्याने आत सरकणाऱ्या दट्ट्याच्या फटीतून, आणि ते शोधायचं कसं, यावर तो संध्याकाळपर्यंत बोलत राहिला, तर तुमच्या घरात इंजिनिअर बसलाय आणि तुम्ही त्याला जीवशास्त्र पाठ करायला पाठवताय.

असा मुलगा कृषी अभियांत्रिकीत शोभतो. गणित आहे, एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट देता येतो, आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ तुमच्याच जिल्ह्यात आहे. तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात या शाखेचं बी.टेक. शिकवतात. त्याला यंत्रं दुरुस्त करण्यातच रस असेल तर आयटीआयचा ‘मेकॅनिक ट्रॅक्टर’ ट्रेड एका वर्षाचा आहे. मध्य प्रदेशात बुदनीला 1955 पासून केंद्र सरकारची शेतीयंत्रांचं प्रशिक्षण आणि चाचणी करणारी संस्था आहे, ट्रॅक्टरची अधिकृत चाचणी तिथे होते. मुलाला एकदा ती संस्था दाखवून आणा, जमल्यास तिथल्या प्रशिक्षणाची चौकशी करा.

नीटचा रिपीट त्याने स्वतः मागितला तरच. पशुवैद्यकीचा प्रवेशही नीटवरच होतो आणि गाईगुरांत वाढलेल्या मुलाला ते आवडू शकतं, म्हणून ही शक्यता त्याच्यापुढे एकदा मांडा. नाही म्हणाला तर विषय संपवा. ढकलून पाठवलेला मुलगा लातूरला वर्षभर खोलीत बसेल आणि तुम्ही इकडे दर परीक्षेनंतर फोनवर गुण विचारत राहाल.

आणखी एक, तुम्हाला आवडणार नाही असं. तो कॅन घेऊन ट्रॅक्टरवर डेअरीत जातो असं तुम्ही सहज लिहून गेलात. साडेसतराव्या वर्षी सार्वजनिक रस्त्यावर ट्रॅक्टर चालवता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालक किंवा वाहनमालक जबाबदार धरला जातो, 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. अठरा पूर्ण होईपर्यंत कॅन तुम्ही पोचवा. वाढदिवस झाला की रीतसर शिकाऊ लायसन्स काढून द्या, आणि गोठ्यातही रोलबार, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी चौकट, उभा ठेवून, पट्टा लावूनच चालवायची सवय आत्तापासून लावा.

लातूरच्या क्लासची फी भरली आहे की नाही, हे पत्रात नाही. भरली नसेल तर मुलाशी बोलणं होईपर्यंत भरू नका. भरली असेल तर पावतीच्या मागचे परताव्याचे नियम आज रात्रीच वाचा, त्यांना मुदत असते.