कान्हेरीचा रस्ता: पायी की सायकलने?

प्रश्न : बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात दहा वर्षांच्या मुलीसह कान्हेरी लेण्यांपर्यंत जायचे आहे. पायी जावे की सायकलने? बिबट्याची भीती कितपत बाळगावी? (एक वाचक, दहिसर)

उत्तर : मुख्य प्रवेशद्वारापासून लेणी सुमारे सहा-सात किलोमीटरवर असून रस्ता डांबरी आहे, मात्र शेवटचा टप्पा चढाचा असल्याने तिथे मुलीला सायकल हाती धरून चालावे लागेल, आणि परतीच्या उतारावर दोन्ही ब्रेक नीट लागतात की नाही, हे निघण्यापूर्वीच तपासावे. आमच्या मते पहिल्या खेपेस सायकलच बरी, कारण लेण्यांसाठी पायांत बळ उरायला हवे. तेथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि बेसाल्टमध्ये कोरलेली पाण्याची टाकी तर चैत्यगृहाइतकीच निरखून पाहावीत.

पायी गेल्यास मात्र जंगल अधिक दिसते. रस्त्याकडेच्या कारवीची खरखरीत पाने मुलीला हात लावून पाहू द्यावीत; ही झुडपे साधारण आठ वर्षांतून एकदाच, सामूहिकपणे फुलतात आणि मागचा बहर 2024 मध्ये येऊन गेला.

बिबटे उद्यानात आहेतच, परंतु ते प्रामुख्याने रात्री वावरतात. म्हणून सकाळी लवकर निघून दुपारी परतावे, आणि मुलीला एकटीला पुढे जाऊ देऊ नये. प्रत्यक्षात उपद्रव होतो तो माकडांचा, तेव्हा खाऊची पिशवी हातात मिरवू नये. सोमवारी उद्यान बंद असते.