खोल समुद्रातल्या अंधारात जीव खातात तरी काय?

तुमचा प्रश्न असा, की खोल समुद्रात ऊन पोचत नाही, झाडझाडोरा नाही, मग तिथले जीव जगतात कशावर आणि शास्त्रज्ञांना ते कळलं कसं?

बहुतेकांचं पोट वरच्यांच्या उष्ट्यावर भरतं. मेलेले सूक्ष्म जीव, विष्ठा, चिकट तंतू यांचे कण वरून सतत खाली झरत असतात. याला ‘सागरी हिम’ म्हणतात. नाव सुंदर, माल शिळा! तळाला पोचेपर्यंत त्यातला बराचसा वाटेतच फस्त होतो. एखादा मेलेला देवमासा तळाशी आला, तर मात्र पंगत वर्षानुवर्षं चालते.

पण मला वेड लावलं ते १९७७ च्या एका मोहिमेनं. गॅलापागोस बेटांजवळ समुद्रतळावरचे गरम पाण्याचे झरे शोधायला भूशास्त्रज्ञ गेले होते. जीवशास्त्रज्ञ सोबत एकही नव्हता. अडीच किलोमीटर खोल त्याचं काम काय, असाच सगळ्यांचा समज. ‘ॲल्विन’ ही तीन माणसांची पाणबुडी खाली उतरली, तर झऱ्यांभोवती मोठाले शिंपले, खेकडे आणि लाल तुऱ्याचे नळीकृमी यांची गर्दी! नमुने टिकवायला जहाजावर पुरेसं फॉर्मलिन नव्हतं, म्हणून काही जीव चक्क व्होडकात बुडवून आणले.

झऱ्याच्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येत होता, म्हणजे त्यात हायड्रोजन सल्फाइड हा गंधकाचा वायू होता. पुढे अभ्यासात दिसलं, की माणसाहून लांब वाढणाऱ्या या कृमीला तोंडही नाही आणि आतडंही नाही. कोलीन कॅव्हनॉ तेव्हा हार्वर्डमध्ये विद्यार्थिनी होती. कृमीच्या शरीरात गंधकाचे स्फटिक सापडल्याचं एका व्याख्यानात ऐकताच तिनं तिथंच सांगितलं, याच्या आत सल्फाइडवर जगणारे जिवाणू असणार. १९८१ मध्ये तिनं ते दाखवूनही दिलं. कृमी तुऱ्यानं सल्फाइड ओढून घेतो, आतले जिवाणू त्यातल्या ऊर्जेवर अन्न तयार करतात आणि त्यावर दोघंही जगतात.

‘या जीवांना सूर्य लागतच नाही’ असं तुम्ही पुष्कळ ठिकाणी वाचाल. ते मला अर्धंच खरं वाटतं. सल्फाइडमधली ऊर्जा काढायला या जिवाणूंना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लागतो, आणि तो मुळात वरच्या उजेडात प्रकाशसंश्लेषणातूनच तयार झालेला असतो.