भीमबेटका: आगगाडीतून काय दिसले?

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब भोपाळजवळील भीमबेटका येथील आदिमानवाची चित्रे पाहण्यास जाणार आहोत. वाकणकरांनी तेथील चित्रे धावत्या आगगाडीतून शोधून काढली, असे ऐकत आलो आहोत. हे शक्य आहे काय? तसेच ही लेणी आपल्या पांडवलेण्यांहून किती जुनी आहेत?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर: आगगाडीतून चित्रे दिसणे शक्य नाही. डॉ. वि. श्री. वाकणकर यांना १९५७ साली भोपाळकडील प्रवासात दिसले ते डोंगरावरचे वालुकाश्माचे प्रचंड खडक. ते हजारो प्रवाशांच्या नजरेखालून गेले होते. परंतु वाकणकर शिक्षणाने चित्रकार आणि ध्यासाने पुरातत्त्वज्ञ असल्यामुळे, अशा पुढे झुकलेल्या कड्यांखाली आदिमानवाने आसरा घेतला असावा, हे त्यांनी ताडले आणि नंतर सहकाऱ्यांसह तेथे जाऊन खात्री करून घेतली. स्थानिक आदिवासींना ही जागा अर्थातच ठाऊक होती. त्यांच्याकडून कळलेल्या माहितीवरून किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने १८८८ सालीच तिचा उल्लेख केला होता, पण बौद्ध स्थळ म्हणून! अशा स्थितीत शोधाचे श्रेय वाकणकरांनाच देणे आम्हांस रास्त वाटते.

पांडवलेणी माणसाने छिन्नीने कोरलेली असून त्यांची सुरुवात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. भीमबेटका येथे आहेत ते निसर्गाने घडवलेले शैलाश्रय, म्हणजे खडकांचे आडोसे, म्हणून त्यांना लेणी म्हणू नये. त्यांचे वय सांगताना वाटाडे हमखास गल्लत करतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वि. ना. मिश्र यांनी १९७०च्या दशकात केलेल्या उत्खननात खालच्या थरांत पुराश्मयुगीन (जुन्या दगडी युगातील) हातकुऱ्हाडी मिळाल्या, त्यावरून तेथील मानवी वावर लाखाहून अधिक वर्षांपूर्वीचा मानतात. हा आकडा चित्रांना लावणे चूक आहे. सर्वांत जुनी चित्रे सामान्यतः मध्याश्मयुगातील, म्हणजे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची समजली जातात, तर शस्त्रधारी घोडेस्वारांची चित्रे थेट ऐतिहासिक काळातील आहेत. एकाच भिंतीवर जुन्या आकृत्यांवर नव्या आकृत्या चढलेल्या दिसतात. कोणती रेषा कोणत्या रेषेवरून गेली आहे, हे निरखल्यास त्यांचा क्रम आपल्यालाही लावता येतो. ‘झू रॉक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, प्राण्यांच्या चित्रांनी गजबजलेल्या खडकापाशी त्यासाठी पुरेसा वेळ ठेवावा.

‘ऑडिटोरियम’ गुहेत कोणी पन्नास कोटी वर्षांहून जुन्या डिकिन्सोनिया या जीवाचा ठसा दाखवू लागल्यास सावध असावे. तसा दावा २०२१ साली खरोखरच झाला होता, पण ती मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याची खूण असल्याचे २०२३ साली दाखवून देण्यात आले.

सातशेहून अधिक शैलाश्रयांपैकी मोजकेच पाहण्यास खुले आहेत. हे स्थळ भोपाळच्या दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरवर असून नाशिक रोडहून पंजाब मेलने भोपाळला थेट जाता येते. इटारसीनंतर गाडी नर्मदा ओलांडून विंध्याचा घाट चढू लागली, की खिडकीची जागा सोडू नये.