तपासलं किती ते नको, बीपी उतरलं किती ते सांगा

प्रश्न: मी यावल तालुक्यात उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे, ३० वर्षांवरच्यांचं बीपी-शुगर तपासून झालं, पण प्रोग्रामचा खरंच फायदा होतोय का हे कसं बघायचं?

उत्तर: ताई, तपासणीचा आकडा बाजूला ठेवा. ३ ते ६ महिन्यांपूर्वी नोंदवलेले बीपीचे पेशंट घ्या अन् या तिमाहीतल्या शेवटच्या भेटीत किती जण १४०/९० च्या खाली होते ते मोजा, आणि जे आलेच नाहीत त्यांना यादीतून काढू नका हं, इथेच बरेच जण चुकतात, फक्त आलेल्यांचा हिशोब केला की रिझल्ट उगाच छान दिसतो. आपल्याकडे केळीच्या कापणीला, ऊसतोडीला गेलेल्यांच्या गोळ्या सुटतात, त्यांच्या घरी आशाताईंना पाठवून कारण विचारा, अन् गोळ्यांचा स्टॉक किती दिवस संपलेला होता तेपण लिहून ठेवा.