आई पॅप टेस्टला तयार नाही. घरीच नमुना घेऊन एचपीव्ही तपासणी केली तर चालते का? तिला कसं समजावू?

चालते. पॅप टेस्टमध्ये डॉक्टर पिशवीच्या (गर्भाशयाच्या) तोंडाच्या पेशी घेऊन बघतात; एचपीव्ही तपासणी त्याच तोंडाचा कॅन्सर करणारा विषाणू शोधते. आई ५१ वर्षांच्या, पाळी गेलेली, असं तुम्ही लिहिलंय. मग व्हिनेगर लावून बघायच्या तपासणीपेक्षा त्यांना एचपीव्हीच बरी, कारण पाळी गेल्यावर जी जागा बघायची ती आत सरकलेली असते.

पण मी लिहायला बसले ते तुमच्या पुढच्या वाक्यामुळे. 'आमच्याकडच्या बायका फार लाजतात, त्यांना गांभीर्यच कळत नाही.' हे वाक्य आमचे थोरले दीर दर दिवाळीला फराळाबरोबर वाढतात.

सासर तुळजापूर तालुक्यातलं. मोठ्या जाऊबाई अंगणवाडीत आहेत. गावाजवळ या कॅन्सरच्या तपासणीचं शिबिर लागलं तेव्हा गल्लीतल्या बायकांना गोळा करून पहिला नंबर त्यांनीच लावला होता. आत पडदा अर्धाच. दार सारखं उघडतंय. बाहेर नावं पुकारणारा पोरगा लहानपणी यांच्याच अंगणवाडीत खिचडी खाऊन मोठा झालेला. दुखलं म्हणून त्या जरा आखडल्या, तर नर्सबाई म्हणाल्या, "लेकरं झाली तेव्हा नाही लाजलात?" जाऊबाई उठल्या, साडी सारखी केली आणि घरी आल्या. मागची रांगही पांगली. भाऊजींनी निष्कर्ष काढला: बायकांना अक्कल नाही.

आता तुळजापूर ज्यात येतं त्याच धाराशिव जिल्ह्याची, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादची, गोष्ट ऐका. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी १९९९ च्या सुमारास उस्मानाबाद जिल्ह्यात मोठा अभ्यास सुरू केला. ५२ गावगट, ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायका. ज्या गटाला एचपीव्ही तपासणीला बोलावलं, त्यातल्या जवळपास ऐंशी टक्के आल्या. आणि आयुष्यात एकदाच झालेल्या त्या तपासणीने त्या गटातले या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आणले, हे २००९ मध्ये छापून आलं. त्या काय पुण्या-मुंबईच्या होत्या? बोलावणारी माणसं नीट वागली की आमच्याकडच्या बायका येतात, भाऊजी.

असो. पुढे जाऊबाई आमच्याकडे पुण्याला आल्या तेव्हा मी एका लॅबचं किट आणून ठेवलं होतं. बारीक मऊ ब्रश आणि झाकणाची नळी, एवढंच. सूचना इंग्रजीत, म्हणून त्या बाथरूममध्ये आणि मी दाराबाहेरून वाचतेय असा कारभार. आत घालायचा, सांगितलं तेवढे वेढे फिरवायचा, नळीत बुडवायचा, झाकण घट्ट. बाहेर आल्या त्या नळी पदराखाली धरून, आणि पहिला प्रश्न, "बरोबर जागी लागलं असेल का गं? डॉक्टरनं घेतलं असतं तर खात्री असती." लाज वगैरे काही नाही, धास्ती ती ही. तुमच्या आईही हेच विचारतील. त्यांना सांगा, ब्रश पिशवीच्या तोंडाला टेकलाच पाहिजे असं नाही. विषाणू असला तर योनीतल्या पेशींतही सापडतो, आणि लॅबमधली पीसीआर चाचणी तो पकडते. नमुना कमी पडला तर लॅब पुन्हा मागते.

जाऊबाईंचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मग रात्रभर एकच, "हे मला आलं कुठून?" हा विषाणू संबंधांतून येतो, हे त्यांना माहीत होतं. पण तो बहुतेकांना कधी ना कधी होऊन जातो, दोनेक वर्षांत बहुधा आपोआप जातो, आणि एखादीत गुपचूप कित्येक वर्षं राहतो. कोणाकडून, कधी, हे रिपोर्टवरून कळत नाही. नवऱ्याची उलटतपासणी घेण्यात अर्थ नाही (माझ्या हातात असतं तर भाऊजींची वेगळ्या कारणासाठी घेतली असती).

पॉझिटिव्ह आलं म्हणून पिशवीचं तोंड दुर्बिणीतून बघायला त्या डॉक्टरांच्या टेबलावर चढल्याच. या डॉक्टरबाईंनी आधी हत्यार हातात देऊन दाखवलं, विचारून हात लावला. छोटा डाग होता, कॅन्सरच्या आधीचा. तिथल्या तिथे शेक देऊन जाळला. यावर भाऊजी म्हणतात, "शेवटी टेबल चुकलं नाहीच, मग त्या काडीचा काय उपयोग?" उपयोग असा की धाराशिवच्या त्या अभ्यासात शंभरातल्या साधारण दहाजणींचीच एचपीव्ही पॉझिटिव्ह आली. ब्रश घरी दिला तर बाकी नव्वदजणींना टेबल बघावंच लागत नाही.

तेव्हा समजावणं सोडा. आधी आईंना विचारा, मागे कुठे काय झालं होतं. उत्तर मिळेल. मग किट द्या, कडी लावू द्या, दाराशी घिरट्या घालू नका. किंमत शहरागणिक बदलते. लॅबला फोन करून 'एचपीव्ही डीएनए, स्वतः घेतलेला नमुना चालतो का' एवढं विचारा. रिपोर्टसाठी मोबाईल नंबर आईंचाच द्या, बाबांचा नको.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: पाळी गेल्यावर परत अंगावरून जात असेल, संबंधानंतर रक्त दिसत असेल किंवा घाण वासाचं पांढरं जात असेल तर किट बाजूला ठेवा, सरळ डॉक्टरकडे. निगेटिव्ह रिपोर्ट अशा वेळी धरून बसायचा नसतो. पिशवी काढलेली असेल तर ती कशासाठी काढली आणि तोंडासकट काढली का, ते कागद बघून विचारा. निगेटिव्ह आलं तर पुढची तपासणी पाच ते दहा वर्षांनी.